एक्केचाळीस सेकंद

“योनास, ब्रेक दाब. रिस्क नको,” इकेर रेडिओवर म्हणाला.

मी टीमच्या गाडीत मागच्या सीटवर, लॅपटॉप मांडीवर. माझं मॉडेल नेमकं उलटं सांगत होतं. जर्मनीतल्या येना शहराच्या पुढचा डोंगरातला उतार, भुरभुर पाऊस. चार सायकलस्वार पुढे निसटले होते. त्यांना गाठायची आमच्या योनासला तिथेच संधी होती.

“इकेर, इथे हळू गेलो तर शर्यत गेली,” मी म्हटलं.

“रस्ता बघ. स्क्रीन नको.”

मी पुण्याची डेटा इंजिनिअर. न्युरेम्बर्गमधली आमची सॉफ्टवेअर कंपनी या सायकल टीमची स्पॉन्सर. स्वारानं कधी जोर लावायचा हे सांगणारं मॉडेल मी बनवलं होतं. पेडलवरची ताकद, उतार, वारा, सगळं त्यात जायचं. रस्ता किती निसरडा आहे, ते जात नव्हतं.

शेवटचा शब्द डायरेक्टरचा, म्हणजे टीमच्या गाडीतून रेडिओवर सूचना देणाऱ्या इकेरचा. तो स्पेनचा. बारा वर्षं व्यावसायिक शर्यतींत होता, जिंकला एकही नाही. लीडरला पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं की स्वतःचं काढून द्यायचं, हेच त्याचं काम. मग अशाच एका ओल्या उतारावर त्याच्या डायरेक्टरनं ‘सुसाट जा’ म्हटलं आणि हा गेला. खुबा मोडला. सायकल सुटली ती सुटलीच.

योनासनं वेग कमी केला. तिसऱ्या वळणावर पुढच्या चौघांपैकी दोघं कठड्याशी पडलेले दिसले. एकजण हलत नव्हता. उरलेले दोघं निघून गेले. योनास तिसरा आला, एक्केचाळीस सेकंद मागे.

सोमवारी माझे बॉस क्राउझे म्हणाले, “इकेरनं मॉडेलचं कुठे कुठे ऐकलं नाही, त्याचा रिपोर्ट दे. आणि किती सेकंद गेले ते.”

मी तक्ता केला. पडलेल्या दोघांबद्दल खाली एक ओळ लिहिली. मग पुसली. माझं काँट्रॅक्ट बेफ्रिस्टेट, म्हणजे ठरावीक मुदतीचं होतं. ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे क्राउझेच ठरवणार होते.

मीटिंगमध्ये इकेर माझ्या समोर बसला होता.

“प्राजक्ता, तू गाडीत होतीस,” तो म्हणाला. “त्या वळणावर काय दिसलं ते सांग.”

“प्रश्न सेकंदांचा आहे,” क्राउझे म्हणाले. “एक्केचाळीस गेले की नाही?”

इकेर माझ्याकडे बघत होता. मी तक्त्याकडे बघितलं.

“गेले,” मी म्हटलं.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणत क्राउझेंनी फाइल मिटली.

महिन्याभरात इकेरला काढलं. तो निघाला त्या दिवशी मी त्याला सॉरी म्हणायला गेले. तो बॅगेत कपडे कोंबत होता. “तुझे आकडे बरोबर होते,” एवढंच बोलला. वर बघितलंही नाही.

माझं काँट्रॅक्ट कायम झालं. नवा डायरेक्टर माझ्या स्क्रीनवर दिसतं तेच रेडिओवर वाचून दाखवतो.

परवा योनास ऑफिसात आला होता. कॉफी मशीनपाशी त्यानं मला गाठलं.

“इकेरबद्दल तू मीटिंगमध्ये काय सांगितलंस?”

“विचारलं तेवढंच.”

तो कॉफी न घेताच गेला.

रिपोर्टात मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. विचारलं तेवढंच सांगणाऱ्याची नोकरी टिकते. या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच.