वरणातलं पाणी

मे महिन्याच्या उन्हात, दोंडाईच्यात, घरात भरलेला माठ असताना पाण्याला बंदी झालेली मी एकमेव गरोदर बाई असेन.

झालं असं की धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "प्रथिनं जराशी कमी दिसताहेत. या दिवसांत दिसतातच. डाळी, अंडी खा, पुढच्या खेपेला बघू." एवढंच! पण घरी सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, फक्त 'कमी' हा शब्द ऐकला आणि त्या मटकन खालीच बसल्या.

"रक्तमां कमी? माय वं! पोरले काही व्हई का?"

मी शाळेत विज्ञान शिकवणारी. (हेच नडलं!) म्हटलं, "अक्का, पाहुणे वाढले की आपण वरणात तांब्याभर पाणी ओततो ना? डाळ तेवढीच, पण वरण पातळ. तसंच माझ्या रक्तात पाणी वाढलंय."

अक्कांनी मान डोलावली. मी खूश! एवढा अवघड विषय इतका सोपा करून सांगितला म्हणून मी स्वतःवरच खूश!

सकाळी उठते तर माठ स्वयंपाकघरातून उठून अक्कांच्या खाटेखाली गेलेला.

"अक्का, पाणी?"

"पानी नही! तूच सांगं ना, डाय तेवढीच शे, पानी वाढनं म्हनीसन? मंग मी पानी कमी करस."

त्या दिवसापासून मला घोट-घोट पाणी, तेही औषधासारखं वाटीतून. ताक बंद. टरबूज बंद ("त्यामां बठ्ठं पानीच शे!"). आणि शेवभाजीचा रस्सा बंद! खानदेशात जन्मलेल्या बाईला ताटात नुसती ओली शेव वाढतात, याला काय म्हणावं? वरण तर इतकं घट्ट की त्यात पळी उभी राहायची.

मी नवऱ्याकडे दाद मागितली. हे गटागटा तांब्या रिकामा करत म्हणाले, "आईला काळजी वाटते गं. आणि वरणाचं तूच म्हणालीस ना?" तो तांब्या यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं, पण त्यात पाणी उरलं नव्हतं!

मग मी चोरीवर उतरले. दात घासायच्या निमित्ताने मोरीत जायचं आणि चुळीचं पाणी गिळायचं. तिसऱ्या चुळीला मागून आवाज आला, "थुक! बठ्ठं थुक!" अक्का दारात उभ्या! सातवा महिना लागलेली, नोकरी करणारी, शिकलेली बाई मी, आणि माझ्या चुळांवर पहारा!

पुढच्या खेपेला अक्का स्वतः एसटीत बसून सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी माझे सुकलेले ओठ पाहिले आणि भडकल्याच.

"पाणी पीत नाही? चक्कर येऊन पडाल! अहो, बाळासाठी शरीर स्वतःच रक्तातलं पाणी वाढवतं, म्हणून प्रथिनं कमी दिसतात. पाणी तोडायला कोणी सांगितलं?"

अक्कांचं बोट माझ्याकडे. "हाईनीच सांगं! शायमां विज्ञान शिकाडस हाई!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांनी मात्र तिथल्याच माठातून पेला भरला आणि माझ्या तोंडाला लावला. "पे माय, पे. मी पोरना जीववर उठनू व्हतू वं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा राग निम्मा विरघळला. तेवढ्यात डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आते समजनं माले, तुना वर्गमधला पोरे नापास कसाले व्हतस!"

निम्मा राग दुप्पट होऊन परत आला! उदाहरणात काय चूक होती? काहीही नाही! बाळंतपणाची रजा संपताच, हे सिद्ध करायला मी सातवीच्या वर्गात तेच वरण जसंच्या तसं शिकवलं.

परीक्षेत प्रश्न घातला : रक्त कशाचे बनलेले असते?

अख्ख्या वर्गाने लिहिलं, 'रक्त हे डाळ आणि पाणी यांचे बनलेले असते. पाहुणे आल्यास ते पातळ होते.'