शिट्टी थांबवणारी माणसं

बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी केव्हाची दारात येऊन उभी होते. मला बसून राहणं जमत नाही. माझं काम मात्र लोकांना बसवून शिकवण्याचं. कर्णबधिर मुलांना अगदी तान्ह्या वयापासून मदत करणारे जे लोक असतात, म्हणजे कान तपासणारे, घरी जाऊन भाषा शिकवणारे, अंगणवाडीवाल्या, त्यांना प्रशिक्षण द्यायला मी पुण्याहून अमरावतीला निघाले होते. डिसेंबरातली थंडी होती. रिक्षावाल्याने डोक्याला मफलर गुंडाळलेला, आणि मी स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवण्याचा शहाणपणा केलेला.

अमरावतीत सकाळी गिला वडा खाल्ला (गिला म्हणजे ओला, दह्यात आणि चटणीत बुडवलेला). तो उभ्याने खाताना अर्धा साडीवर सांडला. तशाच डागाळलेल्या साडीने मी सभागृहात शिरले आणि पाहते तर मंडळी आपापल्या जातभाईंसारखी बसलेली. कान तपासणारे एका बाजूला, शिक्षिका दुसऱ्या बाजूला, अंगणवाडीवाल्या मागे दाराजवळ. मी सगळ्यांना मिसळून बसवलं. चहाला सगळे उठले आणि परत आले ते आपापल्या जुन्या जागी.

दुपारी डबे उघडले तेव्हा वैशाली नावाची शिक्षिका माझ्याजवळ आली. अकोट तालुक्यात घरोघर जाऊन मुलांना शिकवणारी, तिशीतली, भरभर बोलणारी.

"मॅडम, माझी एक पोरगी सुटून राहिली."

"सुटते म्हणजे?"

"ईश्वरी तिचं नाव. दोन वर्षांची होऊन गेली. पावसाळ्याच्या आधी ऐकायची मशीन बसवली कानात. आई इतकी मेहनत करते, दिवसभर बोलते तिच्याशी. पण पोरीत काहीच फरक नाही. आता आजोबा म्हणतात, मशीन वापस घेऊन जा, पोरीच्या कानाले त्रास देऊ नका. परवा मी गेली की हातात देणार आहेत."

मी डबा बंद केला. भाषा शिकण्याची ही वर्षं गेली की परत आणता येत नाहीत, हे मी सकाळपासून फळ्यावर लिहीत होते आणि एक मूल त्याच वर्षांतून निघून चाललं होतं.

"मशीन कोणी बसवली?"

"निलेश सरांनी. अकोल्याला कान तपासतात. ते काय, तिथं भरीत खाऊन राहिले."

मी पाहिलं. निलेश चार खुर्च्या पलीकडे बसला होता. "त्यांना हे सांगितलंत?"

"ते त्यांचं काम करतात मॅडम, मी माझं करतो," वैशाली म्हणाली. (वऱ्हाडात बायकाही 'करतो', 'जातो' म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकतं, दुसऱ्या दिवशी आपणही म्हणायला लागतो.)

त्यानंतर माझं शिकवण्यात लक्ष लागेना. संध्याकाळी मी जाहीर केलं की दुसऱ्या दिवसाचे वर्ग एक दिवस पुढे ढकलले आहेत. संयोजकांचं तोंड वाकडं झालं. मी तिकडे पाहिलं नाही.

सकाळी वैशाली, निलेश आणि मी अकोटच्या एसटीत चढलो. निलेशने सरावासाठी आणलेली कानाची मापं घ्यायच्या सामानाची पेटी आणि लॅपटॉप बरोबर घेतला होता. दुतर्फा काळी जमीन, वेचणी अर्धवट झालेला कापूस, मधे मधे तुरीचे पट्टे, आणि उजवीकडे लांबवर सातपुड्याची निळसर रेघ. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या बाईचं गाठोडं मला उगाच मोठं वाटत होतं. अंजनगावच्या अलीकडे चाक बसलं. सगळे उतरून उन्हाला उभे राहिले आणि मी रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागले.

कंडक्टर बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमी फिरल्यानं चाक लवकर लागन का?"

सगळे हसले. मीही हसले, पण फिरायची थांबले नाही.

अकोटपासून गाव जवळच. ईश्वरीच्या घरी फुलांची शेती. अंगणात झेंडूचे ढीग आणि शेवंतीच्या पाट्या. आई सुनंदा हार ओवत होती आणि प्रत्येक फुलागणिक पोरीशी बोलत होती. "हे पिवळं फूल. हे पाह्य, पिवळं." ईश्वरी पाकळ्या ओढण्यात दंग. दोन्ही कानांमागे यंत्रं. आजोबा, म्हणजे सुनंदाचे सासरे, बाजेवर बसले होते. गावच्या अंगणवाडीच्या सुषमाताईही आम्ही येणार म्हणून आल्या होत्या.

"बसा जी," आजोबा म्हणाले. "मशीन घ्याले आल्या ना? मी डब्बीतच ठेवणार होतो. हे सून आयकत नाही."

निलेशने पोरीच्या कानातून यंत्र अलगद काढलं. कानात बसणाऱ्या मऊ साच्याभोवती पांढराशुभ्र कापूस गुंडाळलेला होता. नीट, बेताने, आवाजाच्या भोकावरही जरासा.

"हा कोणी लावला?"

"मीच म्हणलं लावाले," सुषमाताई म्हणाल्या. "साचा सैल झाला होता. सारखी शिट्टी मारे मशीन, आन् पडे. घरचा साफ कापूस हाय सर. तवापासून शिट्टी बंद हाय."

वैशालीने चमकून पाहिलं. "पण शिट्टीसाठी तर मीच यांना आवाजाचं बटण खाली करायला सांगितलं होतं."

निलेशने यंत्र लॅपटॉपला जोडलं. पडद्यावरचे आकडे वाचले. मग हळूच म्हणाला, "त्याच्याही आधी अकोल्याला आणली होती तेव्हा शिट्टी वाजत होती म्हणून मी आतून आवाज उतरवला. नवा साचा येईपर्यंत."

"आणि साचा कोण करणार होतं?" मी विचारलं.

निलेशने वैशालीकडे पाहिलं. वैशालीने निलेशकडे पाहिलं.

मुलाचा कान वाढतो, साचा तेवढाच राहतो. मग फटीतून आवाज बाहेर गळतो आणि यंत्र शिट्टी मारतं. त्यावर उपाय एकच, कानाचं नवं माप घेऊन नवा साचा करणं. इथे तिघांनी तीन ठिकाणी शिट्टी बंद केली होती, प्रत्येकाने मन लावून. तीन उपाय एकावर एक बसले आणि पोरीच्या कानात काही म्हणजे काहीच पोचेनासं झालं. मला इतका राग आला की मी उठून गोठ्यापर्यंत जाऊन आले. कोणावर ओरडावं तेच कळत नव्हतं. वाईट कोणीच वागलं नव्हतं.

परत आले तोवर निलेशने कापूस काढून आवाज पहिल्यासारखा चढवला होता. कानात घालताच यंत्र किंचाळलं. त्याने साचा बोटाने कानात दाबून धरला तशी शिट्टी थांबली. "ताई, आता बोला," तो सुनंदाला म्हणाला.

सुनंदा पोरीच्या पाठीमागून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "हे फूल पिवळं."

ईश्वरीचा पाकळ्या ओढणारा हात थांबला. वळली नाही, हसली नाही. नुसती थांबली, आणि मग तिने ओठ काढून रडायला सुरुवात केली. आजोबा बाजेवरून उठून उभे राहिले.

सुनंदाने पोरीला उचललं नाही. ती आमच्याकडे बघत होती. "म्हणजे मी इतके महिने बोलून राहिलो ते तिले आयकूच नाही आलं?"

निलेश खाली पाहू लागला. सुषमाताईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी वैशाली म्हणाली, "नाही आलं, ताई. आमच्या तिघांमुळं नाही आलं."

"मंग तिचं नाव ईश्वरी हाय, हे बी तिले मालूम नसन."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आजोबांनी पोरीला कडेवर घेतलं. बराच वेळ थोपटत राहिले. मग म्हणाले, "मशीन राहू द्या. पण आता एकटं कोणी येऊ नोका. आलेत तं तिघं मिळून या. एकाचं दुसऱ्याले मालूम नाही, असं माह्या घरी चालणार नाही."

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. ज्वारीची भाकर, ठेचा आणि सोल्यांची भाजी (सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे). इतकी चवदार भाजी मी इतक्या अपराधी मनाने कधी खाल्ली नव्हती. जेवणानंतर पोर आईच्या मांडीवर झोपली. तेव्हा निलेशने तिच्या कानांची मापं घेतली. वैशालीने डोकं धरलं, सुषमाताईंनी मापासाठीचा मऊ गुलाबी लगदा मळून दिला, आणि साचा आणायला कोण जाणार, बसवताना कोण हजर असणार, हे तिघांनी तिथेच, आजोबांच्या देखत ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी कोणालाही मिसळून बसवलं नाही. नुसतं विचारलं, कोणतं मूल कोणाकोणाकडे आहे? थोडा वेळ गलका झाला. मग खुर्च्या सरकू लागल्या. एकेका मुलाच्या नावाने माणसं एकत्र बसली आणि काहींना पहिल्यांदाच कळलं की आपलं मूल समोरच्याचंही आहे. संध्याकाळपर्यंत आणखी दोन-तीन मुलांच्या अशाच भानगडी बाहेर आल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला अशी अजून न सापडलेली पोरं किती असतील, याची काळजी लागून राहिली.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं, अकोला गेलं, शेगाव गेलं. डब्यात सगळे खात-पीत गप्पा मारत होते आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. प्रवासाला निघताना वाटतं, आपण काहीतरी द्यायला चाललोय. येताना हात रिकामे नसतात, हे खरं. पण जे घेऊन येतो ते खाली ठेवायला जागा सापडत नाही.

पुण्यात आल्यावर काही दिवसांनी वैशालीचा फोन आला. साचे बसले होते. तिघं मिळून गेले होते.

"हाक मारल्यावर वळते?" मी अधीरपणे विचारलं.

"नाही मॅडम. एवढ्यात कुठं," ती म्हणाली. "पण आजोबा रोज सकाळी शेतात जायच्या आधी तिच्या मागं उभे राहतात अन् तिचं नाव घेतात. ती वळत नाही. मग ते समोर येऊन बसतात, तिचा हात तिच्याच छातीवर ठेवतात अन् पुन्हा सांगतात, ईश्वरी."