सुरेखाचं माप

सुरेखाचं कपाळ वरच्या फळीला आपटलं आणि आमचे मालक तिच्याकडे बघायच्या आधी फळीकडे बघायला लागले.

आवाज मोठा नव्हता. समोर परात असल्यासारखं ती नुसते हात चालवून बघत होती. पीठ मळायला पुढं वाकली आणि वरच्या कप्प्याची कड लागली. "लागलं न्हाय," ती लगेच म्हणाली. पदर पुढं ओढला आणि कपाळ झाकलं.

लासुर्ण्याच्या त्या घरात आम्ही सकाळपासून स्वयंपाकघराचं कपाट जोडत होतो. आम्ही म्हणजे मी आणि मालक. ते सुतार. मी लग्नानंतर त्यांच्याकडूनच शिकले. घरामागं आमची पत्र्याची शेड आहे. मशीनवरचं कापणं ते करतात, सांधे मी करते. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांचं. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मी सहसा कुणाच्या घरी जात नाही. पण हे कपाट उभं करायला दोन माणसं लागत होती.

हल्लीच्या किचन ट्रॉलीसारखं हे काम नव्हतं. भिंतीला लटकवलेलं काही नाही. चार खांब, जमिनीपासून हात पोचेल तिथवर. खाली दारांचे कप्पे. कमरेला रुंद फळी, तिच्यावर पीठ मळायचं, भाकरी थापायची. वर डब्यांचे कप्पे. सगळं एकाच सांगाड्यात. आडव्या लाकडाचं टोक बारीक करायचं, त्याला कुसू म्हणतात. खांबात त्याच मापाचं भोक पाडायचं. कुसू भोकात घालायचं आणि पाचर ठोकून आवळायचं. खिळा नाही, स्क्रू नाही. असं काम आता फार कुणी सांगत नाही, कारण वेळ लागतो.

इथं ते तात्यांनी सांगितलं होतं. तात्या म्हणजे सुरेखाचे सासरे. त्यांच्या बांधावर साग होता, त्यांच्या मालकिणीनं, म्हणजे सुरेखाच्या सासूनं लावलेला. उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे आणून त्यांनी तो जगवला होता. त्या गेल्या. पुढं कॅनॉलकडेचा रस्ता रुंद झाला तेव्हा झाड निघालं. तात्यांनी फळ्या चिरून घेतल्या, वाळवल्या आणि टेम्पोत घालून आमच्या शेडवर पाठवल्या. मालकांना म्हणाले, "मिस्त्री, तिच्या लाकडाला खिळा मारायचा न्हाय. आन् ढलपीबी वाया जाता कामा न्हाय."

म्हणजे लाकूड होतं तेवढंच. एक खांब बिघडला तर दुसरा आणायचा कुठून?

मालकांनी टेम्पोतून मापाची काठी आणली. आमची पद्धत अशी आहे: भिंतीला टेप, माणसाला काठी. जिला कपाटापाशी काम करायचं तिला सरळ उभं करायचं. कोपराखाली फळी कुठं यावी, कपाळापुढं कप्पा कुठून सुरू व्हावा, हात वर केला तर कुठवर पोचतो, तिथं तिथं काठीवर चाकूनं खूण करायची. आकडा लिहायचा नाही. शेडमध्ये ती काठी खांबाला लावायची आणि खुणेवर भोक पाडायचं. ही माझ्या सासऱ्यांपासूनची रीत. आकडा लिहिताना उलटा होतो, काठी खोटं बोलत नाही, असं मालक सांगतात.

त्यांनी काठी खांबाला लावली. तिन्ही खुणा केसाचाही फरक न पडता जुळल्या.

"काठी बरोबर हाय," ते हळू आवाजात मला म्हणाले. "बाईच वाढली का काय?"

तात्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. काही नाही, जरा बघतोय, असं मालक म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले की वरचा कप्पा काढू, थोडं वर नवीन भोकं पाडू आणि जुनी भोकं बुजवू. मी नको म्हणून मान हलवली. भोकाला लागून भोक पाडलं तर खांबात राहतं काय? त्यावर डाळी-तांदळाचे भरलेले डबे बसणार. आणि बुजवलेलं भोक किती घासलं तरी ठिगळासारखं दिसतंच.

सुरेखा पाणी द्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ आली.

"वहिनी, राहू द्या. मी वाकून करीन. सवय हाय मला." मग आणखी हळू म्हणाली, "हे उसकटलं तर तात्यांना वाटंल, आईंच्या झाडात मी खोट काढली."

मला तिची दया आली, आणि स्वतःच्या कामाचीही भीती वाटली. पाचर मारलेलं कपाट लवकर मोडत नाही. वाकून करायचं म्हणजे जन्मभर वाकून करायचं.

माप घेतलं तेव्हा कशी उभी होतीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, सरळच. मिस्त्री म्हणाले तशी. तात्या तिथंच खुर्चीवर होते. मिस्त्री म्हणाले हात वर करा, तो पण केला. अजून वर, म्हणाले. पण आणखी वर केला असता तर डोक्यावरचा पदर पडला असता, म्हणून दुसऱ्या हातानं पदर धरला होता.

मी म्हटलं, तशीच उभी राहून दाखव.

तिनं दाखवलं. मान खाली, खांदे आत ओढलेले, गुडघ्यात जरा बाक. सासऱ्यांसमोर ती एवढीच सरळ उभी राहत होती. काठीनं माप बरोबर घेतलं होतं, पण ते सुनेचं होतं. भाकरी थापणारी बाई त्या दिवशी मापलीच गेली नव्हती.

पुन्हा माप घ्यायचं तर दोन्ही पुरुष बाहेर जायला हवे होते. मालकांना मी डोळ्यानं खुणावलं, ते टेम्पोकडे गेले. राहिले तात्या. दिवसभरात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सुरेखा बोलेल म्हणून वाट बघितली. ती फरशीकडे बघत होती. सुनेनं सासऱ्याला दारातून उठवायचं, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं. मी भोकं पाडायची पटाशी पुसली. पुसलेलीच होती, तरी परत पुसली.

"तात्या, जरा बाहेर बसता का?"

"का गं? मी काय लाकूड खातोय व्हय?"

मी पटाशी खाली ठेवली. "न्हाय. माप घ्यायचंय."

"मग घे की. मी कुठं आडवा आलोय?"

"तुमी असलं की ती सरळ उभी राहत न्हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुरेखाकडे. तिनं तोंड भिंतीकडे केलं. आता हत्यारं उचला म्हणतात, असं मला वाटलं. तात्या उठले. स्वतःची खुर्ची स्वतःच उचलली आणि गोठ्याकडे गेले. तिथून त्यांचा आवाज आला, "मिस्त्री, तुमची बाई बोलत न्हाय म्हणला हुता ना?"

"मलाबी तसंच वाटत हुतं," आमचे मालक म्हणाले.

मी दार लोटलं. सुरेखानं पदर कमरेला खोचला आणि उभी राहिली. मला मान वर करून बघावं लागलं. हात वर कर म्हटल्यावर तिनं दोन्ही हात वर केले आणि हसली. दिवसभरात पहिल्यांदाच हसली.

मी काठीवर नव्या खुणा केल्या आणि जुन्या खुणांशी ताडून बघितल्या. कोपराची खूण चार बोटं वर गेली होती. कपाळाचीही चार बोटंच. हात तर त्याच्याही वर पोचत होता, त्याची अडचण नव्हती. म्हणजे नुसता वरचा कप्पा चुकला नव्हता. ती सगळीच्या सगळी सारखी आखडून उभी होती, म्हणून सगळं कपाट सारखंच बुटकं झालं होतं. तर मग उसकटायचं कशाला? आहे तसंच चार बोटं उचलायचं.

मालकांना बोलावून सांगितलं. ते म्हणाले, खांब काय ओढून लांब करायचे? मी म्हटलं, पाय लावू.

उरलेले सागाचे तुकडे आम्ही पोत्यात घालून परत आणले होतेच. कपाट आडवं केलं. एका बाजूला तात्यांनीही हात लावला. प्रत्येक खांबाच्या तळव्यात मी भोक पाडलं, आतून तोंडापेक्षा जरा रुंद. सागाच्या ठोकळ्याला कुसू काढलं, कुसवाला चीर दिली आणि चिरेत बारीक पाचर अडकवली. असा ठोकळा ठोकला की पाचर आत जाते, कुसू आतल्या आत फाकतं आणि धरून बसतं. हा सांधा एकदाच बसतो. वाकडा बसला तर वाकडाच राहतो. त्यामुळे मालकांनी गुण्या धरला, काटकोन बघितला आणि ठोकलं मी.

तात्या शेजारी उकिडवे बसून बघत होते. हे परत निघेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, न्हाय. ते म्हणाले, "मग बेस."

दिवस कलला तेव्हा कपाट परत उभं केलं. या वेळी सुरेखानं खरंच परात घेतली आणि पीठ मळायला लागली. तात्या दारात आले तशी तिची मान सवयीनं खाली गेली, खांदे आत गेले. पण फळी आता वर होती. आखडून उभं राहिलं तर परातीवर जोर येईना. दोनदा प्रयत्न केला आणि मग ती नीट, ताठ उभी राहिली. पदर डोक्यावरच होता. कपाळ कशालाही लागलं नाही.

तात्या चौकटीला हात टेकून बघायला लागले.

"सूनबाई एवढी उंच हाय व्हय?" ते म्हणाले.

सुरेखाचं पीठ मळणं थांबलं.

"हिची सासू बुटकी हुती," तात्या मालकांना सांगायला लागले. "फळीवरचा डबा मीच काढून द्यायचो. आता हिला माझी गरज न्हाय." आणि हसून बाहेर गेले.

आम्ही त्या फळीवरची भाकरी खाऊन निघालो. सुरेखाचा नवरा दूध डेअरीतून परत येताना वाटेत भेटला. झालं का काम, म्हणाला. झालं, मालक म्हणाले.

तेव्हापासून बाईमाणसाचं माप मी घेते. मालक टेम्पोत बसतात. घरातल्या इतर पुरुषांना मलाच बाहेर काढावं लागतं, आणि दर वेळी त्याआधी मी पुसलेली पटाशी परत पुसते. एकानं तर, हे माझं घर आहे, असं मला ऐकवलं. मी म्हटलं, घर तुमचंच हाय, फळी त्यांची हाय.

काठी खोटं बोलत नाही हे खरं. पण खूण करायच्या आधी दारात कोण बसलंय, तेवढं बघून घ्यावं.