उंबऱ्याबाहेरचे बूट

हॅनोव्हरला राहणाऱ्यांकडे पुण्याहून पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, इथं बघण्यासारखं काय आहे? म्युनिकवाल्यांची चंगळ असते. ते डोंगराकडे बोट दाखवतात आणि मोकळे होतात. आमचा मुलूख मात्र पोळपाटासारखा सपाट. मला तो आवडतो, आणि त्यातली खेड्यापाड्यांतली चिमुकली संग्रहालयं तर फारच आवडतात. कुठं मधमाश्यांचं, कुठं जुन्या ट्रॅक्टरांचं, कुठं नुसतीच एक पवनचक्की आणि तिच्या पोटात पिठाचा वास. गावातली निवृत्त मंडळी ती हौसेनं चालवतात. बहुतेक फक्त रविवारी दुपारी उघडतात आणि शेवटी कॉफी-केक असतोच. मी केकसाठी जाते म्हणून नवरा चिडवतो. जातेच मी केकसाठी.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या आणि मला हक्काची जोडीदारीण मिळाली. पाटीवरचं अक्षर कळत नसलं तरी त्या प्रत्येक वस्तूपुढं निवांत उभ्या राहायच्या. घाई नाही, कंटाळा नाही. पाय दुखले तर बाकावर बसून पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू काढायच्या आणि पहारा करणाऱ्या आजोबांनाही एक द्यायच्या. नियमात बसत नसूनही त्या आजोबांनी तो एकदा खाल्ला होता.

अडचण होती ती आमच्या लेकीची. वय वर्षं दहा. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. आजीची साडी, साडीखाली स्पोर्ट शूज, वर माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट आणि ट्रॅममध्ये मोठ्यानं पुण्याला फोन, या सगळ्याची तिला लाज वाटायची. रस्त्यात ती कायम आमच्या पुढं चालायची, आपण यांच्याबरोबर नाहीच असं दाखवत. शाळेत येत्या शुक्रवारी 'ओमा-ओपा-नाखमिटाग' होता, म्हणजे आजी-आजोबांना वर्गात बोलवायची दुपार. "आजीला सांगू नकोस," असं तिनं मला जर्मनमध्ये बजावलं होतं. मला रागही आला आणि फार वाईटही वाटलं. दटावून काही ती आजीला मायेनं नेणार नव्हती, म्हणून मी गप्प बसले. पण सासूबाईंचं परतीचं विमान त्या शुक्रवारनंतरच्या रविवारचं होतं, आणि ही दुपार हुकली तर पुन्हा कधी, या विचारानं मला चैन पडत नव्हतं.

अशात त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघी हायडंत गेलो. नवरा ऑफिसच्या कामाला म्युनिकला. हायडं म्हणजे आमच्या उत्तरेचं माळरान. ऑगस्टच्या अखेरीस सगळं जांभळ्या फुलांनी भरून जातं आणि करड्या लोकरीच्या मेंढ्या त्यातून सावकाश चरत असतात. तिथल्या एका गावात जुनं शेतकऱ्याचं घर तसंच्या तसं ठेवलंय. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, मधोमध चूल, भिंतीत कपाटासारखे बसवलेले पलंग.

सासूबाई दारात थबकल्या. आत चूल सारवल्यासारखी स्वच्छ होती, टेबलावर ताटल्या मांडलेल्या, शेजारी पाळणा.

"अगं, हे तर कुणाचं तरी घर आहे," त्या म्हणाल्या.

"अहो आई, आता कुणी राहत नाही. म्युझियम आहे ते."

"चूल आहे ना? मग झालं तर."

आणि त्यांनी खाली बसून बूट काढले, नीट जोडीनं उंबऱ्याबाहेर ठेवले आणि आत गेल्या. त्यांना एकटं कसं पाडायचं, म्हणून मीही माझे काढून शेजारी ठेवले. "नाइन!" म्हणजे नाही, असं लेक दातांवर दात दाबून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. ती अंगणातच थांबली आणि मेंढ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

थोड्या वेळानं सायकलवरून एक कंपू आला, सगळे सत्तरीच्या घरातले. दारात दोन जोड दिसताच पुढचे गृहस्थ थांबले. त्यांनी पाटी शोधली. पाटी नव्हती. पण जर्मन माणसाला बूट ओळीत लावलेले दिसले की कुठंतरी नियम असणारच! त्यांनी निमूटपणे हेल्मेट काखेत मारलं, वाकून नाड्या सोडल्या आणि बूट आमच्या बुटांच्या रांगेत अगदी सरळ लावले. मागच्यांनीही तेच केलं. बघता बघता उंबऱ्याबाहेर लग्नघरासारखी गर्दी झाली आणि आत सगळे मोज्यांवर हळू आवाजात बोलत फिरू लागले. एका बाईंनी मला अदबीनं विचारलंही, जुनी जमीन जपायला आहे का हे? मला हसू आवरेना.

तेवढ्यात संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई कोठारातून केकचं ताट घेऊन आल्या आणि रांग बघून जागीच थांबल्या.

"हे कुणी सुरू केलं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

सासूबाईंना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला असावा. त्यांनी पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायला दारापर्यंत आले. अंगणात लेक बाईंच्या अगदी जवळ उभी होती. तिला गप्प बसणं सोपं होतं. तिचं नाव कुणी घेतलंच नसतं.

"दास वार मायनं आजी," ती म्हणाली. ती माझी आजी. मग जरा चढ्या आवाजात पुढं जर्मनमध्येच, "आमच्यात कुणाच्या घरात जाताना बूट बाहेर काढतात."

बाईंनी ताट खाली ठेवलं. त्या हसत होत्या. त्यांच्या ओमाच्या घरी म्हणे लाकडी बूट असेच दारात राहायचे, आणि चिखलाचे पाय घेऊन चुलीपाशी गेलं की पाठीत धपाटा बसायचा. त्यांनी आपलेही बूट काढले. लेक ते सगळं ऐकत होती. मग तिनं स्वतःचे बूट काढले, आजीच्या बुटांना खेटून ठेवले आणि आत येऊन आजीचा हात धरला. धपाट्याची गोष्ट आजीला सांगायची होती. अर्धी मराठीत, अर्धी हातवाऱ्यांनी. सासूबाई इतक्या मनापासून हसल्या की सायकलवाल्या आज्याही कारण न कळता हसायला लागल्या. मी त्या भिंतीतल्या पलंगाकडे बघत डोळे पुसले.

केक झाला. सगळे बाहेर बाकांवर बसून आपापले जोड शोधू लागले. सासूबाईंना वाकायला त्रास होतो, म्हणून लेक त्यांच्यापुढं उकिडवी बसून नाड्या बांधत होती. मान खाली घालूनच, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "आजी, शुक्रवारी माझ्या शाळेत ये."

"शुक्रवारी काय असतं गं?"

"सगळ्यांच्या आज्या येतात," ती म्हणाली. "माझी पण पाहिजे."