उजव्या हाताचा आरसा

ही गोष्ट मी पोराला सांगितली नाही, लेकीला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा मनात येऊ दिली नाही. मालक गेले, त्यांच्या उशाशी बसून होते, तरी सांगितली नाही. मालक म्हणजे माझा नवरा. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय. मी चौथीपर्यंत शिकले. सजवून लिहिता येत नाही — आणि हे सजवण्यासारखं नाही.

आमची एक काळी मोटारसायकल होती. जुनी. तिचा एक आरसा म्हशीनं अंग घासून मोडला. दुसरा खडखडतो म्हणून मालकांनीच काढून फेकला. त्यानंतर कित्येक वर्षं त्या गाडीचा आरसा मी होते.

हे नीट समजून घ्या. आमच्याकडं बाई गाडीवर एका अंगानं बसते, दोन्ही पाय डावीकडं. तशी बसली की जराशी मान वळवून तिला मागचा रस्ता पार लांबपर्यंत दिसतो. चालवणाऱ्याला तसा दिसत नाही. आमचं गाव वाटूरच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत. घरी यायचं तर भरधाव रस्ता कापून उजवीकडं वळावं लागतं. तिथं आलं की मालक गाडी हळू करायचे आणि विचारायचे, "हाय का गं मागं?" मी बघायचे. टेम्पो असला तर म्हणायचे, "थांबा." नसला तर, "कोनी न्हाई, घ्या." घ्या म्हटलं की ते वळायचे. स्वतः कधी बघितलं नाही.

शेतात काय पेरायचं, लेक कुठं द्यायची — कशात त्यांनी माझं ऐकलं? कशातच नाही. पण त्या वळणावर माझ्या शब्दानं गाडी थांबायची आणि माझ्या शब्दानं हलायची. मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते.

पुढं त्यांची मान आखडली. डॉक्टरनं गळ्यात पट्टा दिला. तेव्हा शोभा म्हणाली — शोभा माझी सून — "मामा, मान वळत न्हाई तर आरसे तरी चांगले लावून घ्या. आत्याबाई काय दरवेळी मागं असतात का?" बोलणं खरं होतं. तिनं जालन्याहून आरसे आणले. रुंद, लांब दांडीचे. वाटूरच्या मेकॅनिककडं उभं राहून बसवून घेतले. मालकांना गाडीवर बसवलं आणि विचारलं, "काय दिसतं मामा?"

"माझंच कोपर दिसून राह्यलं."

"मंग अजून बाहेर घ्या ओ दादा." तिनं स्वतःच्या हातानं दांडी हलवून बघितली, ढिली तर नाही ना म्हणून. मी तिथंच होते. मी बघितलंय.

"आता बराबर," मालक म्हणाले. "पार मंठ्याकडचा रस्ता दिसून राह्यला." आणि खुशीत येऊन पोराला म्हणाले, "हिला स्कूटी घेऊन दे रे. हिला गाडीतलं तुझ्यापेक्षा कळतं."

शोभाला वाटूरला शिवणाचं दुकान टाकायचं होतं. जायला-यायला गाडी हवी, म्हणून ते अडलं होतं. त्या दिवशी ते सुटलं. तिचं तोंड मला अजून दिसतं.

आणि माझं काय झालं? काही नाही. दुसऱ्या दिवसापासून मालकांनी विचारणं बंद केलं. वळणावर गाडी हळू व्हायची, ते आरशात बघायचे आणि वळायचे. मी मागं बसलेली. इतक्या वर्षांची सवय — मान वळायची, तोंडात शब्द यायचा, आणि तो सांगायला जागाच नसायची. तुम्ही म्हणाल, एवढ्याचं काय वाईट वाटायचं? मीही तेच म्हणायचे. पण वाटायचं.

एक दिवस मंठ्याचा बाजार करून येत होतो. वाटूर फाट्यावर चहाला थांबलो. घामानं माझं कुंकू पसरलं होतं, म्हणून मी उजवा आरसा माझ्याकडं वळवला आणि पदरानं कपाळ पुसायला लागले. मालकांनी बघितलं. बाकड्यावर चार माणसं बसलेली, त्यांना म्हणाले, "सुनेनं आरसे रस्त्यासाठी आणले, अन् ही म्हातारी नटून राह्यली."

माणसं हसली. त्यातला एक म्हणाला, "मंग आता वैनीला काम काय राह्यलं, दादा?"

"काई न्हाई. पोत्यावानी बसायचं. बिलकुल तोंड उघडायचं न्हाई."

पुन्हा हसले. मीही हसले. हसावंच लागतं.

मालक कप ठेवायला वळले. आरसा माझ्या हातात होता. तो होता तसा करायला हवा होता. विसरले, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलंय. विसरले नव्हते. मी तो हळूच बाहेरच्या अंगाला फिरवला, रस्त्याऐवजी कपाशीचं रान दिसेल असा. मनात एवढंच होतं — वळणावर त्यांना काही कळू नये. त्यांनी विचारावं. एकदा तरी विचारावं, हाय का गं मागं.

इथपर्यंत सांगितलं की वाटतं, झालं, सांगून टाकलं. पण आरसा फिरवला एवढंच असतं तर कदाचित मी तेव्हाच बोलले असते. आरसा फिरवणं हा मूर्खपणा झाला. पुढं जे केलं तो मूर्खपणा नव्हता.

वळण आलं. गाडी हळू झाली. मी मान वळवली. मागून पिकअप येत होती, कांद्याच्या गोण्यांनी भरलेली, जोरात. मला स्पष्ट दिसली. डोळे तेव्हा चांगले होते. सांगायला वेळ होता — हेही सांगते, कारण वेळ नव्हता असं मी मनाला समजावत आलेय. वेळ होता. "थांबा" म्हणायला किती लागतो? तो शब्द माझ्या तोंडात होता. मी दात मिटून घेतले. मनात म्हणाले, तोंड उघडायचं न्हाई म्हणाला होतात ना? मंग विचारा.

त्यांनी आरशात बघितलं. आरशात रान होतं. आरसा रिकामा म्हणजे रस्ता रिकामा, असं त्यांना वाटलं असणार. ते वळले.

मी खड्ड्यातल्या गवतात पडले. माझ्या फक्त बांगड्या फुटल्या. मालकांचा पाय गाडीखाली सापडला. पिकअपवाल्यानंच त्यांना उचललं आणि दवाखान्यात नेलं. तो माझे पाय धरत होता. मी त्याला एक शब्द बोलले नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय.

दवाखान्यात पोरगा आला, शोभा आली. मालक शुद्धीत होते. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "तुला दिसली न्हाई का गं?"

बघा — शेवटी विचारलं त्यांनी.

मी म्हणाले, "न्हाई. मी आपली रानाकडं बघत होते."

पोरगा शोभाकडं वळला. "हे तुझे आरसे. मोठी आली गाडीतलं कळणारी." पडल्यावर आरशाची दांडी पार वाकडी झाली होती, काच फुटली होती. आधी तो कुठं वळलेला होता, हे कोणाला कळणार? शोभा खाली बघत होती. म्हणाली, "नट ढिला राह्यला असंल. मी पुन्हा एकदा बघायला पाहिजे होता."

ढिला नव्हता. तिनं हलवून बघितला होता, मी बघितलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिले. बाया म्हणाल्या, किती रडते बिचारी. मी रडत नव्हते.

स्कूटीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. दुकानाचा बेतही गेला. शोभा घरीच, खिडकीखाली मशीन ठेवून, गल्लीतल्या बायांची पोलकी शिवत राहिली. मालक काठी घेऊन लंगडत चालायचे. चिडकेही झाले होते. तिनं काही सुचवलं — विहिरीवरची मोटर, नातवाची शाळा, काहीही — की म्हणायचे, "एकदा तुझे आरसे लावून बघितले." पोरगाही तेच म्हणायला शिकला.

आणि मी? एकदा मीही म्हणाले. कशावरून ते आठवत नाही, काहीतरी स्वयंपाकातलं होतं. तोंडातून सरळ निघालं, "राहू दे, तुझ्या आरशावानी व्हायचं." तिचा हात क्षणभर पिठात थांबला. मग पुन्हा मळायला लागली.

मी त्या दिवशी गप्प राहिले, त्यापेक्षा हे वाईट. गप्प राहणं रागात झालं. हे म्हणाले तेव्हा मला कसलाही राग नव्हता.

मालक पुढं तापाच्या आजारानं गेले. पायाचा त्यात काही संबंध नव्हता. शेवटपर्यंत त्यांनी सुनेला दोष दिला आणि मला चांगली म्हटलं.

आता शोभाच्याही केसांत पांढरे दिसायला लागलेत. तिनं शिवणाच्या कमाईतून, कोणाला न विचारता, स्कूटी घेतली. माझ्या डोळ्यांच्या औषधासाठी मला मंठ्याला तीच नेते. गाडीला दोन आरसे आहेत, कंपनीचेच. दुसरे लावायचं ती नाव काढत नाही.

येताना ते वळण येतं. ती गाडी बाजूला घेते, दोन्ही पाय जमिनीला टेकवते. आरशाकडं बघतसुद्धा नाही.

"आरशाचा भरवसा न्हाई, आत्याबाई," ती म्हणते. "तुमीच सांगा."

मी मान वळवते. एका डोळ्यानं आता धुरकट दिसतं, म्हणून पुन्हा पुन्हा बघते. खात्री झाली की म्हणते, "कोनी न्हाई, घे."

ती वळते.