साडूंचा सरकारी गुत्ता

उभ्या आयुष्यात दारूचा थेंबही न चाखता दारूपायी वेडा झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे साडू. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत ते सेफ्टी इंजिनिअर होते. कुठल्याही विषयाचं बोट धरून हा माणूस पहिल्या महायुद्धातल्या इंग्लंडात जाऊन पोचायचा. तोफगोळ्यांच्या कारखान्यातले कामगार पिऊन कामावर येऊ लागले, तेव्हा तिथल्या सरकारने काही गावांतले गुत्ते चक्क स्वतःच्या ताब्यात घेतले, ही हकीकत त्यांना लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात सापडली होती. बिअर पातळ केली, वेळा आवळल्या, सोबत जेवण ठेवलं आणि एकाने दुसऱ्याला पाजायची नाही असा हुकूम काढला. "पाजायची नाही! सगळी मेख तिथेच आहे," हे सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा चढायचा. पुंगोलला आमच्या घरी मुलीच्या वाढदिवसाला केक खोळंबला होता आणि हे पाहुण्यांना, गुत्त्याच्या मॅनेजरला बिअरवर नाही तर जेवणावर कमिशन कसं मिळायचं, ते समजावत होते. शेवटी मुलगीच वैतागून म्हणाली, "काका, वॉर ओव्हर ऑलरेडी लाह!" सगळे हसले. साडू मात्र गंभीरपणे म्हणाले, "कुणाचं संपलं, बाळ?" इथल्या सरकारने रात्री साडेदहानंतर उघड्यावर पिण्यास बंदी केली, तेव्हा त्यांनी कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. चिनी ड्रायव्हरला वाटलं, यांच्या घरी नातू झाला.

हा सगळा छंद आहे असं आम्ही समजत होतो. मग त्यांचा धाकटा भाऊ सांगलीहून आला. शाळेत चित्रकला शिकवायचा. दारूपायी नोकरी गेली, बायको माहेरी गेली, आणि चहाचा कप धरायला त्याला दोन हात लागत. साडूंनी त्याला आपल्या बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटवर उतरवून घेतलं आणि स्वयंपाकघरातला ओटा सरकारजमा केला. फ्रिजवर नियमांचा कागद लावला. संध्याकाळी सहा ते आठ, बसून, जेवणाबरोबर, बिअर एक आणि तीही सोडा घालून. ज्या माणसाने बाटलीला कधी हात लावला नव्हता, तो औषध मोजावं तशी बिअर ओतायचा, आणि ठीक आठला घंटी वाजवून म्हणायचा, "गुत्ता बंद!" मेहुणी कपाळावर हात मारायची. पण तिसऱ्या आठवड्यात भावाने कपबशी एका हाताने उचलली. त्या दिवशी साडूंनी ऑफिसातून मला फोन केला. "त्याने मांजराचं चित्र काढलं हो," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्याचा मुक्काम वाढवून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरवर, तिथल्या खाऊगल्लीत, मला तो भाऊ एकटाच बसलेला दिसला. पुढे लिंबाचं सरबत. आजूबाजूच्या टेबलांवर लोक बिअर घेत गप्पा मारत होते. मला त्याची कीव आली. मीच विचारलं, "एक घेणार? दादांना सांगणार नाही मी." त्याने हळूच होकारार्थी मान हलवली. एक बाटली मी आणली. गप्पांच्या ओघात दुसरी आणि तिसरी त्याने आणली. त्यानंतर मी त्याला टॅक्सीत घालून घरी नेलं. साडूंनी खाली बसून भावाचे बूट काढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "त्याने मागितली, की तुम्ही दिलीत?"

"त्याने मागितली," मी म्हणालो.

साडूंनी मान डोलावली आणि फ्रिजवरचा कागद काढला. मुक्काम वाढवला नाही. ठरल्या तारखेला भाऊ सांगलीला परत गेला आणि पाच महिन्यांनी वारला.

साडू क्रियाकर्म उरकून परतले, तेव्हा मी भेटायला गेलो. ते बाल्कनीत बसले होते, फार वाळलेले. ते माझ्याच्याने पाहवेना. मी खरं काय ते सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," साडू म्हणाले. "सांगलीला गेल्यावर महिन्याभराने त्यानेच फोनवर सांगितलं. मी म्हटलं, परत ये. नाही म्हणाला."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"त्याने बजावलं होतं. म्हणाला, दादा, त्यांना रागावू नकोस. किती वर्षांनी कुणीतरी मला 'काय घेणार' म्हणून विचारलं. तुम्ही सगळे मला सांभाळत होतात, ते माझ्याशी गप्पा मारत बसले."

मेहुणीने चहा आणून ठेवला. साडूंनी माझा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "काय बोललात हो तुम्ही दोघं, त्या दिवशी? सगळं सांगा. मला घाई नाही."