सावली पडली की उघडणारा डोळा

अन्याय झाला तो आपल्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भाऊंवर, आणीबाणीतल्या पहिल्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी. मंडळाच्या देखाव्यात त्यांनी पुठ्ठ्याचा मोठा डोळा बसवला होता. समोर माणसाची सावली पडली की तो उघडायचा.

"काहून जी भाऊ, हा सगळ्यायले पाहून राहिला का?" देखावा पाहायला आलेलं कुणीतरी विचारायचं.

"पाहू दे नं बाप्पा. तू काहून लाजून राहिला?" मान वर न करता ते म्हणायचे.

सरकारची टिंगल केली, म्हणत पोलीस डोळ्यासकट त्यांना घेऊन गेले. आपण हातात प्रसाद घेऊन पाहत राहिलो.

आता ते सुटलेत. टेबलावर कुणाची सावली पडली, की हातातलं टाकून ताडकन उभे राहतात.

मंडळवाल्यांनो, यंदा तसाच डोळा पुन्हा बसवायला त्यांना बोलवा. आणि पोलीस आलेच, तर या वेळी तुम्ही आडवे उभे राहा.